क्लिन्समनचे यश नेमके कोणाचे?

युर्गन क्लिन्समन या नावावरून जर्मनीत गेली वीस वर्षे वाद चालू आहे, आणि त्या वादातले दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात. एका पक्षाच्या मते २००४ ते २००६ या दोन वर्षांत राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने जर्मन फुटबॉलची जुनाट घडी मोडली आणि २०१४ च्या विश्वविजयाचा पायाही त्यानेच घातला. दुसऱ्या पक्षाच्या मते तो फक्त गोड बोलणारा विक्रेता होता. डावपेच त्याचा सहायक योआखिम लोव याचे होते, खेळाडू युवा अकादम्यांनी घडवलेले होते, प्रेक्षक घरचे होते, आणि त्याची स्वतःची कुवत काय ती पुढे म्युनिक, बर्लिन आणि सोल येथे उघडी पडली. मला असे वाटते की क्लिन्समन प्रशिक्षक म्हणून सामान्य आणि सुधारक म्हणून असामान्य होता. ही दोन कामे वेगळी आहेत, त्यांना लागणारे गुण वेगळे आहेत, आणि एकाच माणसात दोन्ही असतीलच असे नाही. जर्मन फुटबॉल महासंघाने २००४ मध्ये, बऱ्याच अंशी नाइलाजाने, त्याला सुधारकाचे काम दिले. नंतर ज्यांनी ज्यांनी त्याला बोलावले त्यांतल्या बहुतेकांनी त्याचे नाव पाहिले आणि काम मात्र प्रशिक्षकाचे दिले. फुटबॉलबाहेरच्या वाचकालाही हा प्रश्न परका वाटू नये, कारण अडकून पडलेली कोणतीही संस्था कधी ना कधी बाहेरून एक ‘नव्या विचारांचा’ माणूस आणण्याच्या गोष्टी बोलू लागते, आणि त्या माणसाकडून काय मागावे हे मात्र क्वचितच ठरवते.

क्लिन्समनच्या खेळाडूपणाचा विस्ताराने आढावा घेण्याची येथे गरज नाही, परंतु त्यातला एक धागा महत्त्वाचा आहे. १९६४ मध्ये ग्योपिंगन येथे जन्मलेला हा बेकरीवाल्याचा मुलगा. घरचा व्यवसाय श्टुटगार्टच्या बोटनांग भागात होता आणि फुटबॉल खेळता खेळता त्याने बेकरीच्या कामाचे रीतसर शिक्षणही पूर्ण केले. श्टुटगार्टकडून खेळताना १९८७–८८ च्या हंगामात तो बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्यानंतर त्याने जो मार्ग धरला तो त्या काळच्या जर्मन खेळाडूंचा नव्हता. तो इंटर मिलानला गेला, तेथून आर्सेन वेंगर प्रशिक्षक असलेल्या मोनाकोला, तेथून १९९४ मध्ये लंडनच्या टॉटनहॅमला. पेनल्टी मिळवण्यासाठी मुद्दाम कोसळणारा खेळाडू अशी त्याची इंग्लंडमध्ये ख्याती होती. पहिल्याच सामन्यात गोल केल्यावर त्याने गवतावर पोटावर झेप घेत स्वतःचीच टिंगल केली आणि इंग्रज पत्रकारांनी हंगाम संपता संपता त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले. पश्चिम जर्मनीसाठी तो १९९० चा विश्वचषक जिंकला, एकीकृत जर्मनीचा कर्णधार म्हणून १९९६ ची युरो स्पर्धा जिंकला, आणि राष्ट्रीय संघासाठी १०८ सामन्यांत त्याने ४७ गोल केले. निवृत्तीनंतर मात्र त्याने बायर्न म्युनिक किंवा श्टुटगार्टमधल्या एखाद्या पदाची वाट पाहिली नाही. अमेरिकन पत्नीसह तो कॅलिफोर्नियात राहायला गेला, आणि २००३ मध्ये तेथल्या एका खालच्या श्रेणीच्या संघाकडून ‘जे ग्योपिंगन’ या खोट्या नावाने मजेत खेळलाही.

जर्मन फुटबॉलमध्ये पदे कशी मिळत हे लक्षात घेतले की या दूर राहण्याचे महत्त्व कळते. महासंघ, मोठे क्लब, माजी विजेते आणि मोठ्या खपाची वृत्तपत्रे यांचे एक वर्तुळ होते. त्यात प्रत्येकाचे प्रत्येकाकडे काही ना काही देणे असे. क्लिन्समन त्या वर्तुळात वाढला होता, त्याची भाषा त्याला येत होती, त्याच्या गळ्यात त्या वर्तुळातली सर्वांत मोठी पदके होती, आणि तरीही त्याचे तेथे कोणाला काही देणे लागत नव्हते. पूर्णपणे परक्या माणसाला महासंघाने दारात उभे केले नसते आणि पूर्णपणे घरच्या माणसाने घरातली भिंत पाडली नसती.

२००४ च्या उन्हाळ्यात ती भिंत कशी होती? २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी एका गुणासह गटसाखळीतच बाहेर पडली होती आणि पोर्तुगालच्या राखीव खेळाडूंनी तिला ३–० असे हरवले होते. सप्टेंबर २००१ मध्ये म्युनिकमध्येच इंग्लंडने ५–१ अशी धूळ चारली. २००२ च्या विश्वचषकात तेव्हाचा प्रशिक्षक रुडी फेलर याचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला खरा, पण ते यश गोलरक्षक ऑलिव्हर कानच्या हातमोज्यांचे आणि मिशाएल बालाकच्या गोलांचे होते. आजार बरा न होता ताप तेवढा उतरला होता. २००४ च्या युरो स्पर्धेत लाटव्हियाविरुद्ध गोलशून्य बरोबरी आणि चेक संघाच्या दुसऱ्या फळीकडून पराभव पत्करून जर्मनी पुन्हा गटातच संपली, आणि फेलरने राजीनामा दिला. विश्वचषक दोन वर्षांवर होता आणि तो जर्मनीतच होणार होता. महासंघाने प्रशिक्षक शोधण्यासाठी जी समिती नेमली तिची वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, कारण ओटमार हिट्झफेल्डने नकार दिला, ग्रीसला नुकतेच युरोपचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या ओटो रेहागेलने नकार दिला, आणि साठ लाखांहून अधिक सदस्यांच्या संघटनेला हवा तो माणूस मिळेना. अशा वेळी माजी प्रशिक्षक बेर्टी फोग्ट्सने क्लिन्समनचे नाव सुचवले. त्याने तोवर एकाही संघाला प्रशिक्षण दिले नव्हते. त्याच्याजवळ २००० मध्ये माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी घेतलेल्या एका छोट्या अभ्यासक्रमाचा परवाना तेवढा होता. त्याच अभ्यासक्रमात त्याची गाठ लोवशी पडली होती.

२६ जुलै २००४ रोजी झालेली ही नेमणूक दूरदृष्टीची होती असे म्हणणे म्हणजे समितीला न शोभणारे श्रेय देणे होय. ती भीतीपोटी झालेली नेमणूक होती. पण भीतीचाही एक उपयोग असतो. ज्यांनी एरवी प्रत्येक बदलाला चर्चेत, उपसमितीत आणि परंपरेच्या दाखल्यात बुडवून मारले असते, ते सगळे त्या वेळी हताश होते. क्लिन्समनने ते नेमके हेरले आणि होकार देण्याआधीच अटी घातल्या. महासंघाचा सगळा पसारा सोडवून पुन्हा मांडावा लागेल असे त्याने उघडपणे म्हटले होते, आणि त्या मांडणीत तो स्वतः फार थोड्या जागा व्यापणार होता, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांच्या लक्षात फारशी येत नाही.

त्याने पहिले काम केले ते प्रशिक्षक या पदाचे तुकडे करण्याचे. तोपर्यंत राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणजे निवड, डावपेच, शिस्त, पत्रकार परिषद आणि कधीकधी प्रायोजकांशी गप्पा हे सारे सांभाळणारा एक वडीलधारा माणूस असे. क्लिन्समनने ऑलिव्हर बीअरहॉफला व्यवस्थापक केले आणि प्रशासन, प्रायोजक, प्रसिद्धी त्याच्याकडे सोपवली. मैदानावरची आखणी लोवकडे दिली. स्विस प्रशिक्षक उर्स झिगेनथालरला प्रतिस्पर्ध्यांच्या अभ्यासाचा प्रमुख केले, आणि त्याच्या हाताखाली कोलोनच्या क्रीडा विद्यापीठातले विद्यार्थी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत तासन्‌तास पाहून टिपणे काढू लागले. हान्स-डीटर हेरमन हा क्रीडामानसशास्त्रज्ञ संघाबरोबर राहू लागला. अमेरिकेतून मार्क व्हर्स्टेगनच्या संस्थेचे शारीरिक प्रशिक्षक आले. त्यांनी जर्मनीच्या नामवंत खेळाडूंना घोट्यांभोवती रबरी पट्टे बांधून बाजूबाजूने चालायला लावले आणि त्या छायाचित्रांवर देशभर हसू उसळले. आज कोणत्याही बऱ्या क्लबच्या सरावात असे पट्टे दिसतात. त्या वेळी मात्र माजी खेळाडूंना आणि बुंडेसलिगाच्या प्रशिक्षकांना हा आपला अपमान वाटला, कारण त्यामागचा अर्थ स्पष्ट होता: तुम्ही क्लबमध्ये वर्षभर जे करून घेता ते पुरेसे नाही.

माणसांच्या बाबतीतही त्याने भीड बाळगली नाही. १९७४ च्या विश्वविजेत्या संघाचा गोलरक्षक सेप मायर अनेक वर्षे गोलरक्षकांचा प्रशिक्षक होता आणि कानचा उघड पाठीराखा होता. त्याला काढून आंद्रेआस क्योप्केला आणले गेले. कर्णधारपद कानकडून बालाककडे गेले. एप्रिल २००६ मध्ये, स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, कानऐवजी येन्स लेहमन पहिल्या पसंतीचा गोलरक्षक ठरला. हा निर्णय केवळ चेंडू अडवण्याच्या कौशल्यावर घेतलेला नव्हता. बचावफळी पुढे सरकवून खेळायचे तर तिच्यामागची मोकळी जागा राखायला गोलरेषा सोडून धावणारा, पायाने खेळणारा गोलरक्षक हवा होता, आणि लेहमन आर्सेनलमध्ये तेच काम करत होता. म्हणजे खेळाची कल्पना आधी ठरली आणि माणूस तिच्यानुसार निवडला गेला. जर्मनीत तोवर बहुधा याच्या उलट होत असे. नावे आधी ठरत आणि मग त्यांना सोयीचा खेळ.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग मात्र असा आहे की ज्यात क्लिन्समन हरला. महासंघाचा क्रीडा संचालक म्हणून त्याला बेर्नहार्ड पीटर्स हवा होता. भारतीय वाचकाला हे नाव हॉकीमुळे ओळखीचे असू शकेल. २००२ मध्ये क्वालालंपूर येथे जर्मनीला पहिला पुरुष हॉकी विश्वचषक मिळवून देणारा आणि २००६ मध्ये घरच्या मैदानावर तो राखणारा हाच प्रशिक्षक. युवा खेळाडू कसे घडवावेत, सामन्याच्या चित्रफितींतून काय शिकावे, सरावाची आखणी कशी करावी या बाबतीत हॉकी फुटबॉलच्या पुढे आहे असे क्लिन्समनचे म्हणणे होते. महासंघातल्या मंडळींना हॉकीच्या माणसाने फुटबॉल शिकवावे ही कल्पनाच सहन झाली नाही, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी मथियास झामरची निवड केली. झामर मोठा खेळाडू होता, १९९६ चा युरोपमधला सर्वोत्तम फुटबॉलपटू होता. पण तो वर्तुळातला होता. भीती थोडी कमी झाली की संस्था आपल्या मूळ स्वभावावर किती लवकर येते, हे या एका निवडीतून दिसते.

पुढच्याच महिन्यात त्या भीतीने पुन्हा उचल खाल्ली, आणि या वेळी ती क्लिन्समनवरच उलटली. १ मार्च २००६ रोजी फ्लोरेन्समध्ये इटलीने जर्मनीचा ४–१ असा फडशा पाडला. कॅलिफोर्नियात राहून, विमानाने येजा करत राष्ट्रीय संघ चालवणे हा मुद्दा आधीपासून धुमसत होता; पराभवानंतर डुसेलडॉर्फ येथे विश्वचषकातल्या सर्व प्रशिक्षकांची बैठक भरली तेव्हा यजमान देशाचा प्रशिक्षक अमेरिकेत होता. संयोजन समितीचा अध्यक्ष फ्रान्झ बेकेनबॉरने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली, वृत्तपत्रांनी मोहीम उघडली, आणि काही खासदारांनी तर त्याने संसदेच्या क्रीडा समितीपुढे येऊन आपली योजना सांगावी अशी मागणी केली. फुटबॉलच्या बचावफळीवर संसदेत जबाब घेण्याची ही कल्पना आज विनोदी वाटते. तरी टीकाकारांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे नाही. ज्याने इतरांच्या सवयी उलथवल्या त्याने स्वतःच्या सोयीला हात लावला नाही, ही तक्रार रास्त होती, आणि पुढे अठरा वर्षांनी, तो दक्षिण कोरियाचा प्रशिक्षक असताना, तीच तक्रार जशीच्या तशी ऐकू आली. क्लिन्समन २००६ मध्ये वाचला तो स्पर्धेला शंभरच दिवस उरले होते म्हणून, आणि त्याच महिन्यात डॉर्टमुंडमध्ये अमेरिकेवर ४–१ असा विजय मिळाला म्हणून.

त्या उन्हाळ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. कोस्टारिकाविरुद्धचा ४–२ असा मोकळाढाकळा सलामीचा सामना. पोलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी बदली खेळाडू ओडोन्कोरच्या पासवर दुसऱ्या बदली खेळाडूने, नॉयव्हिलने, केलेला गोल. अर्जेंटिनाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये लेहमनच्या मोज्यातून निघालेली ती चिठ्ठी, जिच्यावर अर्जेंटिनाचा कोणता खेळाडू कोणत्या बाजूला फटका मारतो याची टिपणे होती. उपांत्य फेरीत इटलीने जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल करून स्वप्न संपवले आणि जर्मनी तिसरी आली. जर्मन संघ हरूनही देश खूश होता, हे त्या देशाच्या फुटबॉल इतिहासात क्वचितच घडले असेल. पण मला या उत्साहापेक्षा ती चिठ्ठी महत्त्वाची वाटते. ती लिहिणाऱ्यांत क्लिन्समन नव्हता. चिठ्ठी लिहिता येईल अशी व्यवस्था मात्र त्याने उभी केली होती.

येथे दुसऱ्या पक्षाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद विचारात घ्यायला हवा. तो असा की जर्मन फुटबॉलचा खरा कायापालट २००० च्या नामुष्कीनंतर महासंघाने हाती घेतलेल्या युवा योजनेने केला. बुंडेसलिगाच्या क्लबांना युवा अकादमी सक्तीची झाली, देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली, आणि २०१० नंतर जे खेळाडू जगाने पाहिले ते त्या योजनेचे फळ होते. फिलिप लाम, बास्टियान श्वाइनश्टायगर आणि लुकास पोडोल्स्की यांना राष्ट्रीय संघात पहिली संधीही फेलरनेच २००४ मध्ये दिली होती. हे सारे खरे आहे. क्लिन्समनने खेळाडू घडवले असा दावा कोणी करत असेल तर तो दावा टिकत नाही.

परंतु खेळाडू घडवणे आणि राष्ट्रीय संघ नावाची यंत्रणा घडवणे या गोष्टी वेगळ्या आहेत. इंग्लंडकडे त्याच काळात एकाहून एक गुणी खेळाडू होते आणि तरी त्यांच्या हाती एकही मोठा चषक लागला नाही हे आपण पाहिले. २००६ नंतर लोव प्रशिक्षक झाला तेव्हा त्याला बीअरहॉफ, क्योप्के, झिगेनथालर, हेरमन, शारीरिक प्रशिक्षक, कोलोनचे विद्यार्थी हे सगळे तयार मिळाले आणि त्याने ते जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. संघ २००८ मध्ये युरोच्या अंतिम फेरीत, २०१० मध्ये विश्वचषकात तिसरा आणि २०१४ मध्ये रिओ येथे अर्जेंटिनाला १–० असे हरवून विश्वविजेता झाला. अकादम्यांतून आलेल्या खेळाडूंना एक तयार, आधुनिक, तज्ज्ञांची लाज न बाळगणारी व्यवस्था मिळाली, आणि ती बंद दारे फोडून आत आणण्याचे काम लोवला जमले असते असे मला वाटत नाही. लोव हा सौम्य, अभ्यासू, वर्तुळाशी जुळवून घेणारा माणूस. मायरला घरी पाठवणे आणि बेकेनबॉरशी दोन हात करणे हे त्याच्या प्रकृतीत बसणारे नव्हते. क्लिन्समनने वैर ओढवून घेतले आणि लोवने त्यावर घर बांधले. या श्रेयविभागणीत कोणावर अन्याय होतो असे मला दिसत नाही.

मग म्युनिकमध्ये काय झाले? जुलै २००८ मध्ये क्लिन्समन बायर्नचा प्रशिक्षक झाला तेव्हा त्याने जुनीच योजना नव्या जागी मांडली. क्लबच्या सरावसंकुलात नवे केंद्र उभे राहिले, त्यात वाचनालय, विश्रांतीच्या खोल्या, अभ्यासाची साधने आली, खेळाडूंनी दिवसभर तेथे थांबावे अशी अपेक्षा ठेवली गेली, आणि छतावर बुद्धाच्या मूर्ती बसवल्या गेल्या, ज्या वादानंतर हलवाव्या लागल्या. परंतु क्लबचे काम राष्ट्रीय संघासारखे नसते. राष्ट्रीय संघ वर्षात मोजके दिवस एकत्र येतो. तेथे उत्साह, तंदुरुस्ती आणि एक साधी ठळक कल्पना पुरू शकते, विशेषतः डावपेचांचा भार उचलायला शेजारी लोव असेल तर. क्लबमध्ये दर तीन-चार दिवसांनी नवा प्रतिस्पर्धी येतो आणि प्रत्येकासाठी वेगळे उत्तर लागते. त्या उत्तरांसाठी क्लिन्समनच्या शेजारी कोणी लोव नव्हता. चॅम्पियन्स लीगमध्ये स्पोर्टिंग लिस्बनला दोन सामन्यांत मिळून १२–१ असे हरवणारा संघ एप्रिल २००९ मध्ये चार दिवसांत व्होल्फ्सबर्गकडून ५–१ आणि बार्सिलोनाकडून ४–० असा हरला. बार्सिलोनाचे चारही गोल पहिल्याच सत्रात झाले. हंगामाचे पाच सामने शिल्लक असताना त्याला काढून टाकण्यात आले. लामने २०११ च्या आत्मचरित्रात लिहिले की त्या काळात सराव जवळजवळ केवळ शारीरिक तंदुरुस्तीचा होता, डावपेचांकडे दुर्लक्ष होते, आणि सामन्याआधी कसे खेळायचे हे खेळाडूंनाच आपापसांत ठरवावे लागे.

लामची साक्ष बनावट मानायचे कारण नाही. पण ती २००६ चे यश खोटे ठरवते असे जे मानले जाते ते मला पटत नाही. उलट त्या साक्षीमुळे २००४ ची रचना अधिकच समजण्यासारखी होते. आपल्याला डावपेचांतले फारसे कळत नाही हे २००४ मध्ये क्लिन्समनला ठाऊक असावे, म्हणूनच त्याने लोवला जवळ केले आणि मोकळीक दिली. स्वतःच्या उणिवेभोवती व्यवस्था रचणे ही मोठी बुद्धी आहे. बायर्नमध्ये त्याच माणसाला आपल्या यशाचे कारण नीट कळलेले नव्हते असे दिसते. त्याने केंद्र, साधने आणि मूर्ती बरोबर नेल्या आणि सर्वांत आवश्यक माणूस मागे राहिला. उली होएनेसने पुढे टोमणा मारला की क्लिन्समनसाठी महागडे संगणक घेतले आणि नंतर आलेल्या युप हाइन्केसला साधा फळा आणि काही लेखण्या पुरल्या. टोमणा चांगला आहे, पण सोयीचाही आहे. ज्या क्लबने हा माणूस त्याच्या प्रसिद्धीकडे पाहून नेमला, त्याला डावपेचांचा सहकारी कोण असेल हे विचारले नाही, त्या क्लबच्या व्यवस्थापकांतला होएनेस हा एक प्रमुख होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून नंतर काढलेली पाच वर्षे मिश्र आहेत आणि त्यांचा निवाडा एका वाक्यात होत नाही. २०१३ ची गोल्ड कप ही उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या देशांची स्पर्धा जिंकली, २०१४ च्या विश्वचषकात जर्मनी, पोर्तुगाल आणि घाना यांच्या गटातून संघ बाद फेरीत गेला, आणि जर्मनीत वाढलेले अनेक अमेरिकन वंशाचे खेळाडू त्याने संघात आणले. त्याच वेळी लँडन डोनोव्हनसारख्या सर्वांत मोठ्या खेळाडूला त्याने २०१४ च्या संघातून वगळले, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मेक्सिको व कोस्टारिकाकडून लागोपाठ हरल्यावर त्याला जावे लागले. पुढे तो संघ २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्रच ठरला नाही, तेव्हा दोष कोणाचा यावर तेथे अजूनही एकमत नाही.

बर्लिनच्या प्रकरणात मात्र मतभेदाला जागा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका धनाढ्य गुंतवणूकदाराच्या मार्फत तो तेथल्या हेर्था या क्लबच्या देखरेख मंडळावर आला, काही आठवड्यांतच प्रशिक्षक झाला, जानेवारीत क्लबने खेळाडूंवर साडेसात कोटी युरोंहून अधिक रक्कम उधळली, आणि ११ फेब्रुवारी २०२० रोजी, ७६ दिवसांनी, त्याने फेसबुकवर राजीनामा जाहीर केला. त्यानंतर क्लबमधल्या सहकाऱ्यांवर ताशेरे ओढणारी त्याची टिपणवही वर्तमानपत्राच्या हाती लागली. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची नेमणूक झाली. पहिल्या पाच सामन्यांत एकही विजय नाही, कॅलिफोर्नियात राहण्यावरून नाराजी, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आशिया चषकाच्या उपांत्य फेरीत जॉर्डनकडून २–० असा पराभव. त्या सामन्याच्या आदल्या रात्री संघाचा कर्णधार सोन ह्युंग-मिन आणि तरुण ली कांग-इन यांच्यात टेबल टेनिसवरून झालेल्या झटापटीत सोनचे बोट निखळले होते. ज्या माणसाची ख्याती संघाची एकजूट बांधणारा अशी होती, त्याच्या संघात हे घडले.

या शेवटच्या दोन नेमणुकांचे खापर सगळे क्लिन्समनवर फोडले जाते, आणि त्यातला बराच भाग त्याने कमावलेलाही आहे. परंतु २०२४ मध्ये कोरियाच्या क्रीडा मंत्रालयाने तेथल्या फुटबॉल संघटनेची चौकशी केली तेव्हा ही नेमणूक करताना ठरलेल्या प्रक्रियेला बगल दिल्याचा निष्कर्ष निघाला. सगळी चूक तेथेच उघडी पडते. संघटनेला कशाची दुरुस्ती हवी होती, कोणत्या कामासाठी बाहेरचा माणूस लागणार होता, त्याच्या शेजारी कोणती माणसे बसवायची होती, या प्रश्नांना सामोरे जाण्याऐवजी एक प्रसिद्ध नाव विकत घेतले गेले. २००४ मध्ये जर्मन महासंघानेही हे प्रश्न स्वतःहून विचारले नव्हते. ते क्लिन्समनने त्याच्यापुढे ठेवले आणि महासंघ घाबरलेला असल्याने त्याला उत्तरे द्यावी लागली.

जर्मन महासंघाची पुढची गोष्टही या मुद्द्याला धरूनच आहे. बंडखोर म्हणून आत आलेली व्यवस्था हळूहळू तिथली प्रस्थापित व्यवस्था झाली. लोव २०२१ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, प्रशिक्षक राहिला. बीअरहॉफ अठरा वर्षे. २०१८ मध्ये रशियात आणि २०२२ मध्ये कतारमध्ये जर्मनी पुन्हा गटसाखळीतच बाद झाली, म्हणजे २००४ च्या उन्हाळ्यात होती त्याच जागी आली. त्या वेळी बाहेरून कोणाला बोलावले गेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बीअरहॉफ गेला, महासंघाने सल्लागारांचे एक मंडळ नेमले, आणि त्यात कान, झामर, कार्ल-हाइन्झ रुमेनिगे आणि रुडी फेलर होते. कानला ज्या व्यवस्थेने बाकावर बसवले आणि झामरला पीटर्सऐवजी ज्या महासंघाने निवडले, त्याच महासंघाच्या भवितव्याचा विचार आता हे दोघे करत होते. आणि संचालकपदासाठी त्यांना मिळालेला माणूस होता फेलर.